घाटात पेडल मऊ पडलं, आता मोठे ब्रेक बसवू का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव-पत्ता गाळून त्याचा सारांश देतो. अंबडच्या कंपनीत नोकरी, घरी आई, पत्नी आणि दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी २०१६ ची स्कॉर्पिओ सेकंड हँड घेतली. चैत्रात सगळं कुटुंब सप्तशृंगगडावर गेलं होतं, गाडीत सात माणसं. उतरताना नांदुरीच्या अलीकडे ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. शेवटच्या वळणांवर दोन-तीनदा पंप केलं तेव्हा कुठे गाडी आवरली. खाली थांबल्यावर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा नेहमीसारखा लागू लागला. त्या दिवसापासून पत्नी मुलांना घेऊन त्या गाडीत बसायला तयार नाहीत, गाडी विकून टाका म्हणतात. मेहुण्याच्या ओळखीचा एक जण पुढे मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमट्यात धरणारा भाग), मागे ड्रम काढून डिस्क, असं सगळं ६५,००० रुपयांत बसवून देतो म्हणतोय, तेही हप्त्याने. यांच्या हातात २५,००० आहेत. ‘एवढ्या जड गाडीला कंपनीने ब्रेकच कमी दिलेत का? आणि कमी पैशांत ते वाढवायचे कसे?’ असा त्यांचा प्रश्न. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की गेल्या वर्षी ओळखीत फॉर्च्युनरचे उतरवलेले टायर स्वस्तात मिळाले, ते बसवल्यापासून गाडी ‘भारी दिसते’.

उत्तर

बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण ही एक गोष्ट आजच मनावर घ्या. ब्रेक ऑइल बदलून आणि चारही चाकं उघडून तपासून घेतल्याशिवाय ही गाडी कुठल्याही घाटात नेऊ नका. गडावर नाही, कसाऱ्याला नाही, सापुताऱ्यालाही नाही. नाशिक शहरात द्वारका ते सातपूर ब्रेक छान लागतोय म्हणून निर्धास्त राहू नका. गडावर तुम्हाला ज्या दोषाने घाबरवलं, तो गाडी तापल्याशिवाय दिसत नाही. शहरात तो दिसणारच नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो जे मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘पेडल मऊ पडलं आणि अर्ध्या तासाने आपोआप ठीक झालं.’ ब्रेक घाटात दोन वेगळ्या तऱ्हांनी दगा देतो. एका तऱ्हेत पेडल नेहमीसारखं घट्ट असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी मंदावत नाही. तिथे पॅड इतके तापलेले असतात की त्यांची पकडच सुटते. दुसऱ्या तऱ्हेत पेडल मऊ होतं, खाली जातं, पंप केलं की थोडं वर येतं. तिथे बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून तर पायाचा जोर नळीतून थेट चाकापर्यंत पोचतो. त्या द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. थंड झाल्यावर वाफ पुन्हा द्रवात विरते आणि पेडल जागेवर येतं. तुमचं वर्णन या दुसऱ्या तऱ्हेशी तंतोतंत जुळतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. झाकण कितीही घट्ट असलं तरी रबरी नळ्यांतून, सीलमधून ओल थोडी थोडी आत शिरत राहते. डॉट ४ प्रकारचं नवं, कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही, असा त्याचा दंडक आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चं हेच २०५ वरून १४० होतं. गाडी तुमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली. या काळात ब्रेक ऑइल बदलल्याचा पत्रात उल्लेख नाही आणि आधीच्या मालकाने बदललं होतं की नाही हे तुम्हालाही ठाऊक नसावं. इगतपुरी-त्र्यंबककडचे पावसाळे काढलेल्या गाडीत तीन-चार वर्षं जुनं ऑइल असेल, तर घाटात ते उकळलं यात नवल नाही. म्हणून तुमचं गृहीतक मला मान्य नाही. कंपनीने ब्रेक कमी दिले असं या घटनेवरून म्हणता येत नाही. जे दिलेत ते आज पूर्ण ताकदीने चालत नाहीत, एवढंच यातून कळतं.

दुसरा पुरावा डाव्या चाकाच्या वासाचा. सगळे ब्रेक सारखेच तापले असते तर पुढच्या दोन्ही चाकांतून वास आला असता. एकाच बाजूने आला याचा अर्थ तिथला पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहिला असणार. फिटरकडे कॅलिपर उघडाल तेव्हा तुम्ही स्वतः तिथे उभे राहा आणि स्लाइड पिन हातात घेऊन बघा. बोटभर लांबीची गुळगुळीत दांडी असते, वर रबरी टोपण. टोपण फाटलेलं असेल तर आत पाणी-धूळ जाऊन पिनेवर तांबूस गंज आणि काळपट चिकटा धरलेला दिसेल. चांगली पिन दोन बोटांनी ढकलली की सरसर आत-बाहेर होते. धरलेली पिन हातोडीनेच निघते. ती अडकली की कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड झिजत जातो आणि बाहेरचा जवळजवळ नवाच राहतो. दोन्ही पॅड शेजारी ठेवा. एक नखाइतका पातळ आणि दुसरा जाड असेल, तर उत्तर समोरच आहे. पिन ठीक निघाली तर पिस्टन दाबून बघायला सांगा, तो गंजून अडकत असेल. आणि तोही ठीक असेल तर रबरी नळी आतून फुगली आहे का ते पाहा. फुगलेली नळी दाब जाऊ देते, पण परत येताना अडवते.

या सगळ्याचा खर्च शेकड्यांत किंवा फार तर दोन-चार हजारांत असतो. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीच असलेलं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. गॅरेजमध्ये डब्यात पडलेलं साधं पिवळं ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. हे बारीक वाटेल, पण इथेच कामं बिघडतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मोठ्या डिस्कने काय साधतं, तेही बघू. गाडी किती अंतरात थांबेल याची शेवटची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते. सुक्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली कुरकुर होऊन एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं होत असेल, तर ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोर आधीच आहे. त्यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी एका दमात थांबण्याचं अंतर कमी होत नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, वारंवार ब्रेक मारला तरी उशिरा तापते. हा खरा फायदा आहे आणि घाटात तो कामाचा आहे, मी नाकारत नाही. पण तुमची अडचण आज ज्या पायरीवर आहे, तिथे तो फायदा पोचतच नाही. किट बसवलं आणि उकळणारं ऑइल तेच राहिलं, तर पेडल पुन्हा मऊ पडेल. किट बसवताना ऑइल बदललं गेलं आणि गाडी सुधारली, तर ६५,००० मधली बरीचशी सुधारणा त्या काहीशे रुपयांच्या डब्याची असेल.

घाटातल्या उष्णतेचा एक हिशेब सांगतो, तो कळला की पुढचं सगळं सोपं होतं. ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी पूर्ण थांबवायला ब्रेकना जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तेवढीच ऊर्जा सुमारे ४० मीटर उंची उतरताना तयार होते. गाडीचं वजन काहीही असो, हे प्रमाण तेच राहतं. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. म्हणजे फक्त ब्रेकवर तो घाट उतरलात, तर १०० च्या वेगातून सात-आठ वेळा लागोपाठ पूर्ण थांबण्याएवढी उष्णता डिस्कमध्ये ओतलीत. थोडी ऊर्जा हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण खातं, पण घाटात वेग कमी असल्याने हवा फार मदतीला येत नाही. उरलेलं ओझं वाटून घ्यायला गाडीत एकच जण आहे, इंजिन. पत्रात तुम्ही गिअरचा शब्दही काढलेला नाही, म्हणून थेट विचारतो: गडावरून उतरताना गाडी कितव्या गिअरमध्ये होती? चौथ्यात किंवा न्यूट्रलवर असेल, तर सात माणसांसकट सगळ्या गाडीचं ओझं चार ब्रेकांवर होतं, आणि त्यातला एक आधीच अडकलेला.

उताराला लागण्यापूर्वीच, वर सपाटीवर असताना, दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. जो गिअर टाकल्यावर गाडी सरळ उतारावर स्वतःहून फार पळत नाही, तो तुमचा गिअर. वळणाआधी ब्रेक दोन-तीन सेकंद ठाम दाबा, वेग हवा तेवढा उतरला की पाय पूर्ण उचला. सतत हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट, कारण डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं तर कधीच नको. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा जोर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जाते. खाली आल्यावर लगेच गाडी उभी करून ब्रेकवर पाय दाबून बसू नका आणि तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नका. एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, वाऱ्याने डिस्क निवतात.

आता टायर. इथे तुम्हाला थोडं वाईट वाटेल, पण मला हा मुद्दा ब्रेक ऑइलच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. तुमच्या गाडीचा मूळ टायर २३५/६५ आर १७, उंची साधारण ७३७ मिलिमीटर. तुम्ही बसवलेला २६५/६५ आर १७, उंची ७७६. सव्वापाच टक्के मोठं चाक. पायाचा जोर तोच ठेवला तर जमिनीवर पोचणारी ब्रेकची ताकद तेवढीच घटते. काटा जे दाखवतो त्यापेक्षा गाडी पूर्वीच्या मानाने पाच टक्के जास्त पळते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ब्रेकना सुमारे ११ टक्के जास्त काम पडतं. इंजिनची घाटातली पकडही तेवढीच सैल होते, कारण मोठ्या चाकाने गिअर जणू वरचा झाला. शिवाय टायर रुंद म्हणून जड, आणि जड चाक फिरतं थांबवायला आणखी जोर. एकेकटं बघितलं तर प्रत्येक नुकसान छोटं आहे, पण गडाच्या उतारावर ती सगळी एकाच वेळी वाट्याला येतात.

त्यात हे टायर उतरवलेले. प्रत्येक टायरच्या कडेला ‘डॉट’ अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ‘२३१८’ असतील तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायरची नक्षी खोल दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. सिंहस्थाच्या कामांनी नाशिकमधले आणि त्र्यंबककडचे रस्ते खणलेले, त्यावर बारीक खडी पसरलेली, अशा रस्त्यावर कडक टायर म्हणजे थांबण्याचं अंतर वाढणं. तुमचे मूळ टायर विकलेत की ठेवलेत, हे पत्रात नाही. ठेवले असतील, तारीख फार जुनी नसेल आणि नक्षी पुरेशी असेल तर तेच परत बसवा. या पूर्ण उत्तरातला सगळ्यात स्वस्त ‘अपग्रेड’ तो असेल. विकले असतील तर चार नवे टायर २५,००० मध्ये बसणार नाहीत, त्यासाठी वेगळे साठवावे लागतील. दोन नवे पुढे आणि दोन जुने मागे अशी वेगवेगळ्या मापांची खिचडी मात्र करू नका, एबीएस चारही चाकांच्या वेगाची तुलना करूनच चालतं.

तुमच्या २५,००० चं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदललं असतं. नुसतं वरच्या डबीतलं काढून नवं टाकणं पुरत नाही. चारही चाकांतून जुनं, काळं ऑइल बाहेर पडून स्वच्छ येईपर्यंत ब्लीडिंग करायचं. एबीएसच्या गाडीत काही वेळा स्कॅनर लावावा लागतो, हे आधीच विचारून घ्या. डबा सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेला. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय त्यापेक्षा खालचा नको. डॉट ४ ऐवजी डॉट ५.१ टाकता येतं, ओल मुरल्यावरही ते १८० अंशांपर्यंत टिकतं. पण नावात साम्य असलेलं डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर महागडं ५.१ टाकून तीन वर्षं विसरण्यापेक्षा चांगलं डॉट ४ दर वर्षी दसऱ्याच्या आधी बदला. नवरात्रात तुम्ही गडावर जाणारच, म्हणून तीच खूण ठेवा.

मग पुढचे पॅड. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. गाडीच्या कंपनीचे घ्या किंवा टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश, ब्रेम्बो यांपैकी एखाद्या नावाजलेल्या बनावटीचे, पण बिलासह आणि ओळखीच्या दुकानातून. नकली पॅडचा बाजार मोठा आहे आणि खोका हुबेहूब असतो. स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातूनच, तेव्हा तिचे पार्ट इथे शोधावे लागत नाहीत. मग शंभर-दोनशे वाचवायला अनोळखी पॅड कशाला? काही पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ किंवा जीएफ अशी. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. घाटासाठी दुसरं अक्षर बघा, ई पेक्षा एफ बरं, एफ पेक्षा जी. सात माणसं घेऊन घाट उतरणाऱ्या जड गाडीला धातूचं प्रमाण असलेला, उष्णता सहन करणारा पॅड मला योग्य वाटतो. त्याची काळी धूळ चाकावर बसते, कधी किंचित आवाजही येतो, तेवढं चालवून घ्या.

डिस्क लगेच बदलू नका. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. फिटरला मापायला लावा. जाडी शिल्लक असेल आणि चर पडले असतील तर लेथवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून मिळतात, पण फेस केल्यावरही ती त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. तापून निळसर पडलेली किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसणारी डिस्क मात्र सरळ बदला. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला रेसिंगच्या वाटतात. आपल्या वापरात त्यांचा फायदा नगण्य आणि भोकांपाशी भेगा जाण्याचा धोका असतो. साधी डिस्क घ्या.

मागचे ड्रम लोक विसरतातच. तिथले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर पेडलचा सुरुवातीचा प्रवास वाया जातो आणि पुढच्या ब्रेकवर जास्त ओझं येतं. ड्रम उघडून धूळ साफ करा, लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरतोय का बघा, लायनर नीट अॅडजस्ट करून घ्या. कित्येकदा नुसत्या एवढ्याने पेडल बोटभर वर येतं आणि गाडीवाल्याला वाटतं नवे ब्रेकच बसवले. धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ती फुप्फुसांना वाईट.

दर दुकानागणिक बदलतात, तरी ऑइल, पॅड, पिना, रबरी टोपणं, मागचे लायनर आणि मजुरी हे सगळं दहा हजारांच्या आसपास बसायला हवं. डिस्कची जोडी घ्यावी लागली तर पंधरा-अठरा. रबरी नळ्या जुन्या असतील तर त्याही यातच. उरलेले पैसे टायरच्या खात्यात ठेवा.

नव्या पॅडवर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम दाबाने उतरायचं, पाय सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड पक्की होते. त्यानंतरच मोकळ्या, सुक्या जागी, मागे-पुढे कुणी नसताना, चाळीसच्या वेगातून एकदा पूर्ण जोराने ब्रेक मारून एबीएस जागं होतंय का ते पाहा. झालं, तर ‘ब्रेक कमी आहेत का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाडीनेच दिलं.

एवढं करून, योग्य गिअरमध्ये उतरूनही पेडल घट्ट राहून गाडी घाटात मंदावत नसेल, तर मोठ्या डिस्कचा विचार करण्याइतकं कारण तुमच्याकडे असेल. त्या वेळीही हे लक्षात ठेवा. मोठ्या कॅलिपरला जास्त ऑइल लागतं, पेडलच्या जोरावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल खोल जातं. पुढे-मागे ब्रेकची वाटणी कारखान्यात गाडीचं वजन आणि एबीएस धरून ठरवलेली असते. ती अंदाजाने बदलली तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी ओल्या रस्त्यावर आडवी फिरू शकते. हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये आहे, ड्रम काढले की त्याची नवी सोय करावी लागते, आणि हप्त्याने किट देणारा ती कशी करतो हे मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान्य करणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकं बघतो, तेव्हा कारखान्याने न दिलेले ब्रेक समजावून सांगणं अवघड जातं. कंपनीच्याच मापाचे चांगले पॅड, डिस्क आणि ऑइल टाकण्यात हा प्रश्न येत नाही.

मेहुण्यांशी वाकडं घेऊ नका. त्यांनी काळजीपोटीच सुचवलंय. त्यांच्या ओळखीच्या माणसाला एवढंच विचारा: पेडल मऊ पडून अर्ध्या तासाने ठीक का झालं असेल? तो ऑइलचं नाव काढून पिना उघडून बघू म्हणाला, तर त्याच्याकडूनच दुरुस्ती करून घ्या, माणूस जाणकार आहे. थेट किटवरच आला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

राहिल्या तुमच्या पत्नी. पत्रात तुम्ही लिहिलंय की ‘ती उगाच घाबरते’. मला त्यांचं घाबरणं उगाच वाटत नाही. मागे सासूबाई आणि मुलं बसलेली, तुम्ही पेडल पंप करताय, हे त्यांनी शेजारी बसून पाहिलं. त्यांचा नकार गाडीला नाही, त्या दिवशीच्या ब्रेकला आहे, आणि त्या दिवशीचा ब्रेक खरोखर नाही म्हणण्यासारखाच होता. ‘आता सगळं केलंय, बस’ असं सांगून त्यांचा विश्वास परत येणार नाही. चाकं उघडतील त्या दिवशी त्यांना गॅरेजमध्ये सोबत न्या. गंजलेली पिन आणि बाटलीत निघालेलं काळं ऑइल त्यांना स्वतःला बघू द्या. मग आधी तुम्ही दोघंच, मुलांना घरी ठेवून, एखादा छोटा उतार उतरून या. घाटात पुन्हा कधी जायचं हे त्यांना ठरवू द्या. त्यानंतरही त्या विका म्हणाल्या, तर तेव्हा तो निर्णय भीतीपोटी होणार नाही, दोघांनी बसून घेतलेला असेल. आणि विकलीच तर घेणाऱ्यालाही ठीक ब्रेकची गाडी मिळेल.

विकायची की ठेवायची, यात मी तुम्हाला ढकलत नाही. फक्त नादुरुस्त अवस्थेत विकू नका आणि ६५,००० चं कर्ज काढून ठेवूही नका.

हे काम झालं की मला तीन गोष्टी लिहून कळवा: दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी, डिस्कची मोजलेली जाडी आणि चारही टायरवरचे ते चार आकडे. टायर आधी घ्यायचे की डिस्क, हे त्यावरून सांगतो.